पुन्हा ओतण्यात आली

फिलिपिन्सच्या सामार बेटावर बालांगिगा नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चच्या तीन जुन्या घंटांपैकी मधल्या घंटेवर स्पॅनिश भाषेतली एक ओळ उठावात ओतलेली आहे. तिचा आशय असा, की अतिपूज्य फादर आगुस्तिन देलगादो हे इथले धर्मगुरू असताना, सन १८८९ मध्ये, ही घंटा पुन्हा ओतण्यात आली. मूळ स्पॅनिश क्रियापदाची रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवणारी आहे, आणि आपल्या सरकारी मराठीतले ‘करण्यात आले’ तिच्या जागी अगदी चपखल बसते. कोणाच्या कारकिर्दीत ओतली ते कळते, कोणत्या साली ओतली ते कळते, कोणी ओतली ते कळत नाही. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवरची कोनशिला ज्याने वाचली आहे, त्याला हा प्रकार नवा वाटणार नाही. तिथे नामदारांचे नाव असते, अध्यक्षांचे असते, शुभहस्ते कोणाच्या आणि प्रमुख उपस्थिती कोणाची हेही असते. टाकी बांधणारा गवंडी तेवढा कुठे सापडत नाही.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्पेनच्या राज्यात, म्हणजे मेक्सिको, पेरू, क्यूबा आणि फिलिपिन्स इथे, तोफा आणि घंटा सतत ओतल्या जात होत्या. त्यांतल्या ज्या उरल्या त्या आज संग्रहालयांत, किल्ल्यांच्या तटांवर आणि चर्चच्या मनोऱ्यांत आहेत, आणि बहुतेकींची ओळख ‘स्पॅनिश तोफ’ किंवा ‘स्पॅनिश काळातील घंटा’ एवढ्यावर संपते. माझे म्हणणे असे आहे की ही ओळख अर्धवट आहे आणि तिच्या अर्धवटपणाचा त्रास केवळ अभ्यासकांना होतो असे नाही. लुटून नेलेली वस्तू कोणाची, ती परत मागण्याचा हक्क कोणाला, परत आली तर ती कुठे ठेवायची, हे वाद जेव्हा उभे राहतात तेव्हा वस्तूवरची पाटी ही पहिली साक्ष असते. ती साक्ष हुकूम देणाऱ्याचीच असेल तर निकालही त्याच्याच बाजूने झुकतो. धातू ज्यांच्या जमिनीतला, ओतकाम ज्यांच्या हातचे आणि त्या आवाजावर ज्यांचा दिवस बांधला गेला, त्या लोकांना पाटीवर जागा मिळाली पाहिजे. आणि वस्तू कुठे असावी हे ठरवताना त्यांचे म्हणणे अधिक वजनदार मानले पाहिजे.

यासाठी आधी ओतकाम म्हणजे काय ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. घंटा ओतायची तर आधी मातीची घंटा करावी लागते. विटा आणि माती यांचा पोकळ गाभा उभारतात. भुसा, केस आणि घोड्याची लीद घालून मळलेल्या मातीचे थर त्यावर चढवतात, आणि घंटेच्या अर्ध्या बाजूच्या आकारात कापलेली लाकडी फळी मध्यदांड्याभोवती फिरवत फिरवत तो गोल करतात. त्यावर हव्या त्या जाडीची मातीचीच खोटी घंटा चढते. तिच्या अंगावर मेणाची अक्षरे, मेणाचा क्रूस, मेणाच्या वेलपट्ट्या चिकटवतात. मग बाहेरचे कवच. आतून जाळ देऊन सगळे वाळवले की मेण वितळते आणि अक्षरांचा ठसा कवचाच्या आतल्या अंगाला राहतो. कवच उचलायचे, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच पुन्हा होते त्या जागी बसवायचे. गाभा आणि कवच यांच्यामध्ये जी पोकळी उरते ती खरी घंटा. हे सारे खड्ड्यात पुरून, भोवतीची माती धुमसून घट्ट करून मग भट्टीतला रस सोडायचा. कवच बोटभर सरकले किंवा साच्यात ओल राहिली तर महिन्यांची मेहनत आणि गावाने जमवलेला धातू एका क्षणात वाया जातो. अशा रीतीने ओतलेल्या घंटेवर धर्मगुरूचे नाव असते तेव्हा ते नाव ओताऱ्याने स्वतःच्या बोटांनी, मेणात, एकेक अक्षर लावून लिहिलेले असते.

तोफेचे काम याच घराण्यातले. लाकडी दांड्याला दोर गुंडाळून, वर माती चढवून तोफेचा नमुना करायचा, त्यावर साचा घ्यायचा, नळीच्या जागी गाभा ठेवायचा आणि तोंड वर करून खड्ड्यात ओतायची, म्हणजे रसाच्या वजनाने बुडाचा भाग सर्वांत भरीव होतो. साचा, भट्टी, खड्डा आणि माणसे तीच असल्यामुळे युरोपात काय किंवा वसाहतींत काय, घंटा ओतणारा आणि तोफ ओतणारा हे पुष्कळदा एकाच कारखान्यातले असत. फरक धातूत होता, आणि तो फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन्ही वस्तू काश्याच्याच, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या. पण घंटेत कथील शेकडा २० ते २२ इतके असते, तर तोफेत ८ ते १०. कथील वाढले की धातू कडक होतो, त्याला नाद येतो, आणि तो ठिसूळही होतो. घंटेला नाद हवा; तोफेला दारूचा धक्का सोसणारा चिवटपणा हवा.

१५२१ मध्ये मेक्सिकोतल्या आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडल्यानंतर ती जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसला तोफांची चणचण भासू लागली. स्पेनहून शस्त्रे येत नव्हती आणि ती येऊ नयेत अशी खटपट करणारे वजनदार लोक दरबारात होते. १५ ऑक्टोबर १५२४ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की गरजेइतकी माणसाच्या बुद्धीला धार लावणारी दुसरी गोष्ट नाही. तांबे त्याला मिळाले, कथील मिळेना. शोध घेता घेता ताश्को प्रांतातल्या लोकांकडे पातळ नाण्यांसारखे कथलाचे तुकडे सापडले. ते तिथे चलन म्हणून वापरले जात होते. आणखी चौकशी केल्यावर खाणीही त्याच प्रांतात निघाल्या, आणि कोर्तेसने तोफा ओतायला घेतल्या. पत्रभर पराक्रम कोर्तेसचा आहे. कथील ओळखणारे, ते खणून वितळवणारे आणि त्याचा व्यवहारात उपयोग करणारे लोक मात्र पत्रात ‘इथले रहिवासी’ म्हणून डोकावतात आणि निघून जातात.

हे लोक धातुकामात नवखे मुळीच नव्हते. पश्चिम मेक्सिकोत इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास तांब्याचे काम सुरू झाले, आणि तिथल्या कारागिरांनी सर्वांत जास्त जीव ओतला तो हत्यारांत नव्हे तर लहान लहान घंटांत, आपण ज्यांना घुंगरू म्हणू अशा वस्तूंत. मेणाचा नमुना करून, मेण वितळवून, त्या जागी धातू ओतण्याची रीत त्यांना अवगत होती. पुढे त्यांनी तांब्यात कथील आणि आर्सेनिक मिसळून नाद आणि रंग यांवर ताबा मिळवला. स्पॅनिश मिशनऱ्यांनी या मुलखात घंटेचा आवाज पहिल्यांदा आणला, असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा खरे तर एवढेच म्हणायचे असते की त्यांनी मोठी घंटा आणली.

कोर्तेसच्या तोफांतली एक मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सम्राटाला नजराणा म्हणून त्याने चांदीची तोफ ओतवून घेतली. तिच्यावर फिनिक्स पक्षी होता आणि तीन चरणांची कविता होती : ही तोफ जन्मली ती जोडीवाचून, तुमच्या सेवेत माझ्याजोगा दुसरा नाही, आणि जगात तुमच्या तोडीचा कोणी नाही. तोफ स्पेनला पोहोचली आणि वितळवली गेली. तीन ओळींत तोफ, कोर्तेस आणि सम्राट अशा तिघांची स्तुती बसली. चौथ्याला, म्हणजे साचा करणाऱ्याला, जागा उरली नाही.

धातू कुठून आला याची कथा क्यूबात अधिक कडू आहे. सांतियागोजवळच्या एल कोब्रे इथल्या तांब्याच्या खाणी सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाने कॅप्टन फ्रान्सिस्को सान्चेस दे मोया याच्याकडे सोपवल्या, त्या मुख्यतः तोफांसाठी तांबे हवे म्हणून. हवानात तोफा ओतण्याची भट्टी होती आणि क्यूबाचे तांबे स्पेनमधल्या सेव्हियालाही जात असे. खाणीत राबत होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १६७० मध्ये राजाने खाणी जप्त केल्या तेव्हा गुलामही राजाच्या मालकीचे झाले. ‘राजाचे गुलाम’ हीच त्यांची कायदेशीर ओळख ठरली. त्यांनी अर्ज केले, दावे लावले, बंडे केली, डोंगरात पळाले, आणि अखेर १८०० च्या राजाज्ञेने त्यांचे स्वातंत्र्य मान्य झाले. सव्वाशेहून अधिक वर्षे एका समाजाने आपल्या सुटकेसाठी राजाशी कागदोपत्री भांडण चालवले, हे एरवीही नोंदवण्यासारखे आहे. त्या खाणीच्या तांब्याची तोफ कुठल्या तटावर आज उभी असेल तर तिच्यावर राजचिन्ह आहे, आणि तेवढेच आहे.

आता मनिला. मे १५७० मध्ये मार्तिन दे गोइती या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या तुकडीने राजा सुलेमानच्या मनिलावर हल्ला केला. गावाच्या बचावाला तोफा होत्या. सुलेमानाच्या घराशेजारच्या कोठारात स्पॅनिश लोकांना लोखंड आणि तांबे सापडले, वितळलेल्या तोफा सापडल्या, नुकत्याच सुरू केलेल्या लहानमोठ्या तोफा सापडल्या, आणि माती व मेण यांचे साचे सापडले. त्यांतला सर्वांत मोठा सतरा फूट लांबीच्या तोफेचा होता. ही नोंद खुद्द त्या मोहिमेच्या स्पॅनिश वृत्तांतातली आहे, म्हणून तिचे मोल अधिक. पुढच्या वर्षी मनिला ही स्पेनची राजधानी झाली आणि १५९० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर गोमेस पेरेस दास्मारिन्यास याने तिथे तोफांचा कारखाना काढला. अंतोनियो दे मोर्गा हा मनिलात मोठ्या हुद्द्यावर राहिलेला अधिकारी. १६०९ मध्ये मेक्सिकोत छापलेल्या आपल्या इतिहासात तो सांगतो की जाणत्या ओताऱ्यांच्या अभावी या कारखान्यात मोठ्या तोफा थोड्याच झाल्या. सतरा फुटी साचा सापडलेल्या गावात वीस-बावीस वर्षांत ओतारी मिळेनासे होतात, याचा अर्थ काय लावायचा? मला तरी असे दिसते की विजेत्यांनी तोफा हाती घेतल्या, साचे हाती घेतले, आणि ज्या माणसांच्या हातात ही विद्या होती ती माणसे विस्कटून टाकली. कारखाना राजाच्या आज्ञेने उघडता येतो. ओतारी वर्षानुवर्षे भट्टीजवळ बसून तयार होतो.

फिलिपिनो राष्ट्रवादाने या पोकळीत एक नाव बसवले : पांदाय पिरा. पाम्पांगाचा हा लोहार सुलेमानासाठी तोफा ओतत होता आणि पुढे स्पॅनिशांनीही त्याच्याकडून काम करून घेतले, असे शाळेच्या पुस्तकांतून सांगितले गेले. त्याच्या जन्ममृत्यूची सालेही दिली गेली. अनेक इतिहासकारांना त्या तपशिलांचा आधार पुरेसा वाटत नाही, आणि शंका योग्य आहे. फिलिपिनो राष्ट्रवादी लेखक होसे रिझालने १८९० मध्ये मोर्गाच्या ग्रंथाची आपल्या टिपांसह नवी आवृत्ती काढली, तीमागची ऊर्मी मला समजते. आपल्या लोकांना स्पॅनिश येण्यापूर्वी काय काय येत होते हे शत्रूच्याच ग्रंथातून दाखवून देण्याची ती खटपट होती आणि ती त्या काळी आवश्यक होती. पण एकाच अलौकिक कारागिरावर सगळा भार टाकला की आपण कोनशिलेचीच रीत उलट बाजूने चालवतो. नामदाराच्या जागी वीरपुरुष येतो. कोठारात सापडलेले लहानमोठे साचे, वितळलेल्या तोफा, साठवलेले तांबे हे सारे एका माणसाचे काम नव्हे. ती एक चालती कर्मशाळा होती, तिच्यात माती मळणारे, भाता चालवणारे, मेण घडवणारे असे अनेक हात होते. त्यांची नावे मिळणार नाहीत. पण ‘१५७० पूर्वी मनिलात चालत असलेल्या स्थानिक ओतशाळेची परंपरा’ एवढे शब्द पाटीवर लिहायला नावे लागत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती थोडी बदलली. मनिलाच्या सान निकोलास भागात हाबोनेरोस रस्त्यावर इलारियो सुनिको याची ओतशाळा होती, आणि त्याच्या नावाच्या घंटा फिलिपिन्सच्या अनेक चर्चांत आजही वाजतात. धर्मगुरूच्या नावाखाली का होईना, ओताऱ्याचे नाव आणि पत्ता घंटेवर येऊ लागला. ही भक्तीइतकीच जाहिरातही होती, आणि त्यात गैर काही नाही.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. घंटा हे स्पॅनिश राजवटीचे हत्यार होते. डोंगरात, नदीकाठी, शेतांजवळ विखरून राहणाऱ्या लोकांना मिशनऱ्यांनी गावठाणात आणून वसवले, आणि या धोरणाचे नावच ‘घंटेखाली’ राहणे असे पडले. जो घंटेच्या टप्प्यात तो ख्रिस्ती आणि कर भरणारा. जो टप्प्याबाहेर तो रानटी आणि संशयित. पहाटेची प्रार्थना, दुपारची विश्रांती, संध्याकाळ, मृत्यू, आग, चाचे आल्याची वर्दी, सगळे घंटेवर. मग ज्या आवाजाने त्यांना बांधले त्याच आवाजाला लोकांनी आपला वारसा का म्हणावे?

याचे उत्तर फिलिपिन्समधल्याच कापिस प्रांतातल्या पानाय गावच्या घंटेजवळ मिळते. १८७८ मध्ये हुआन रेना याने ओतलेली ही घंटा दहा टनांहून जड आहे. गावातली परंपरा अशी की लोकांनी दिलेल्या सत्तर पोती नाण्यांचा धातू तिच्यात आहे. तिच्यावरचा स्पॅनिश मजकूर ‘मी परमेश्वराचा आवाज आहे’ असा सुरू होतो. आता नाणी म्हणजे काय? शेतमजुरी, मासळी, विणलेले कापड, कधीकाळी चुकवलेला कर. ज्यांच्यावर सत्ता गाजवण्यासाठी घंटा आली त्यांनीच आपली मिळकत तिच्यात वितळवली. त्यातली काही भक्तीने दिली असेल, काही भीडेखातर. अशा वस्तूला ‘त्यांची नव्हे’ म्हणणे म्हणजे आधी वसुली करायची आणि मग पावतीही द्यायची नाही. आणि घंटेखाली जगलेल्या लोकांनी त्याच घंटेचा वेगळा उपयोगही शोधून काढला.

मेक्सिकोत १६ सप्टेंबर १८१० रोजी दोलोरेस गावचा धर्मगुरू मिगेल इदाल्गो याने चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावासाठी गोळा केले. ग्वानाह्वातो शहर बंडखोरांच्या हाती आल्यावर तिथे तोफांची भट्टी सुरू झाली आणि तिची जबाबदारी राफाएल दावालोस या खाणशास्त्राच्या तरुण विद्यार्थ्याकडे आली. त्याला हे काम येत होते कारण स्पेननेच मेक्सिकोत खाणविद्यालय काढले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहर परत जिंकल्यावर राजाच्या सैन्याने त्याला ठार केले. फिलिपिन्समध्ये स्पेनविरुद्धच्या १८९६ च्या क्रांतीत चीनच्या फुजियान प्रांतात जन्मलेला आणि मनिलात लोहारकाम केलेला होसे इग्नासियो पावा याने काविते प्रांतातल्या इमुस इथे शस्त्रशाळा उभी केली; जुन्या तोफा दुरुस्त केल्या आणि चर्चच्या घंटा वितळवून नव्या ओतल्या. तो पुढे क्रांतिसेनेचा सेनापती झाला.

‘घंटा वितळवून तोफा केल्या’ हे वाक्य आपण फार सहज लिहितो. घंटेचा धातू तसाच तोफेच्या साच्यात ओतला तर तोफ शत्रूपेक्षा आपल्याच गोलंदाजाला आधी मारील. हिशेब करून पाहा : हजार किलोच्या घंटेत शेकडा २२ प्रमाणे २२० किलो कथील, ते प्रमाण शेकडा १० वर आणायचे तर एकूण धातू २,२०० किलो व्हायला हवा, म्हणजे आणखी १,२०० किलो तांबे हवे. वितळताना थोडे कथील जळते ते सोडून देऊ. वेढ्याच्या धामधुमीत, तांब्याच्या कढया आणि पराती गोळा करून हे प्रमाण साधणे हे प्रयोगशाळेत बसून करण्याचे काम नव्हते. डोळ्याने रसाचा रंग पाहून आणि तुकडा तोडून त्याचा पोत पाहून ते करणारी माणसे तीनशे वर्षे राजाच्या आणि चर्चच्या भट्ट्यांवर घडली होती, आणि त्यांची विद्या राजाची झाली नव्हती.

बालांगिगाची गोष्ट यानंतरची. स्पेन गेला होता, अमेरिका आली होती. २८ सप्टेंबर १९०१ रोजी सकाळी गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकी तुकडीवर हल्ला केला. ७४ सैनिकांपैकी ४८ मरण पावले. हल्ल्याच्या वेळी चर्चची घंटा वाजली. त्यानंतर जनरल जेकब स्मिथने सामार उजाड करण्याचा आणि दहा वर्षांवरील, शस्त्र धरू शकेल अशा कोणालाही जिवंत न ठेवण्याचा हुकूम दिला. पुढे त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि शिक्षा म्हणून काय झाले तर निवृत्ती. गाव जळाले, घंटा अमेरिकी सैन्याबरोबर गेल्या. दोन अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या लष्करी तळावर उभ्या राहिल्या, तिसरी नवव्या पायदळाच्या पलटणीबरोबर राहिली आणि शेवटी दक्षिण कोरियातल्या छावणीत होती. वायोमिंगला त्या घंटांशेजारी इंग्लंडच्या राणी मेरीच्या मुद्रेची १५५७ सालची एक तोफही ठेवली होती. पकडलेल्या गावच्या घंटा तोफखान्याच्या वाट्याला जाव्यात ही युरोपीय युद्धांतली जुनी चाल. स्पॅनिश, इंग्रज आणि अमेरिकी हात एका पाठोपाठ लागलेला तो चबुतरा पाहिला असता तर मला वाटते चालीचा सगळा इतिहास एका नजरेत दिसला असता.

घंटा परत देऊ नयेत असे म्हणणाऱ्या माजी सैनिकांचे म्हणणे मी टाकाऊ मानत नाही. त्या ४८ जणांची स्मृती त्यांना प्रिय होती आणि घंटा ही त्यांच्या लेखी स्मारकशिळा होती. परंतु मेलेल्यांचे स्मारक करायला त्यांना मारणाऱ्या गावाची प्रार्थनेची वस्तू लागत नाही, दगडही पुरतो. आणि त्याच घंटांनी त्याच गावात त्यानंतर मेलेल्या माणसांसाठी वाजायचे होते, ते ११७ वर्षे वाजल्या नाहीत. ११ डिसेंबर २०१८ रोजी घंटा मनिलात उतरल्या आणि १५ डिसेंबरला गावात पोहोचल्या. तेवढ्यात एक सूचना पुढे आली की तिघींपैकी एक राजधानीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवावी. बालांगिगा ज्यात येते त्या बोरोंगानच्या धर्मप्रांताने विरोध केला आणि तो बरोबरच होता. राष्ट्राने गावाची वस्तू घेणे हे परक्याने घेण्याहून नेहमीच सौम्य असते असे नाही. दोलोरेसची घंटा, जी १७६८ मध्ये ओतली होती, ती १८९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासने मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय राजवाड्यावर नेली. तेव्हापासून दरवर्षी स्वातंत्र्याचा घोष राजधानीत त्या घंटेखाली होतो आणि ज्या गावाने तो पहिल्यांदा ऐकला ते गाव प्रतिकृतीवर भागवते.

हे सारे लिहिताना मला मेणवलीच्या घाटावरची घंटा विसरता येत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि नाना फडणविसांच्या मेणवलीची घंटा १७०७ सालची आहे, तिच्यावर मरियम आणि बाळ येशू आहेत. या घंटा पोर्तुगीजांच्या, स्पेनच्या नव्हेत, हे खरे. मात्र १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता आणि गोव्याची ओतशाळा त्याच्याच छत्राखाली चालत होती. त्या ओतशाळेतल्या पेद्रो दियास बोकारोचा मुलगा मानुएल तावारेस बोकारो मकावला गेला आणि तिथे त्याने ओतलेल्या तोफा आशियाभर नावाजल्या गेल्या. ही विद्या समुद्रावरून दोन्ही दिशांनी जात होती.

वसईची मोहीम आणि सामारचा सूड यांना एका तराजूत घालावे असे मी म्हणत नाही. धर्मन्यायालयाच्या राजवटीविरुद्ध लढलेली लढाई आणि गाव बेचिराख करण्याचा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही मी वर धरलेली कसोटी इथे मला अडचणीत आणते, आणि ती अडचण लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या घंटांखाली वसईचे जे ख्रिस्ती लोक जगत होते त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत आणि सामवेदीसारख्या मराठीच्या बोली बोलतात. उलट नाशिककरांच्या कानावर ती घंटा पावणेतीनशे वर्षे आहे. गोदेला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेला लागले का, असे विचारणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. दोन्हीकडचे लोक घंटेखालचेच. अशा ठिकाणी परत द्या, हा निकाल माझ्याने देववत नाही. पाटी मात्र पुरी लिहावी, एवढे मागण्यात कोणाचेच काही जात नाही : कोणत्या चर्चसाठी ओतली, कोणत्या लढाईनंतर आली, मूर्ती कोणाची आहे, लिपी कोणती आहे, आणि ओतणाऱ्याचे नाव कोरलेले नसेल तर तसे.

बालांगिगाच्या मधल्या घंटेवरची ओळ बदलता येणार नाही; बदलूही नये, ती ओतलेली आहे. तिच्या खाली भिंतीवर छापील पाटी लावायची असेल तर मी अशी लिहीन : ‘जुनी घंटा वितळवून १८८९ मध्ये पुन्हा ओतली. वरच्या ओळीत नाव धर्मगुरूचे आहे. अक्षरे ओताऱ्याने लावली. १९०१ ते २०१८ या काळात ती गावाबाहेर होती. प्रार्थनेच्या वेळा बाजूला.’